फक्कीची घरं

विमलबाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की घेतली. मग समोर तहसीलदार असो नाहीतर साक्षात यम, बाजूला सरायचं त्यानंच. ताडकळसच्या शाळेत चौतीस वर्षं काढली बाईंनी, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. शाळेच्या छपराला पत्रे मिळावेत म्हणून त्यांनी वरच्या कचेरीत इतके खेटे घातले की शेवटी तिथला कारकूनच हात जोडून म्हणाला, बाई, पत्रे घेऊन जा, पण आता मेहेरबानी करून येऊ नका. ताडकळसच्या बाजारात हे अजून सांगतात, आणि सांगणाऱ्यांतले निम्मे बाईंच्या हातच्या छड्या खाल्लेले असतात.

म्हातारपणाचंही बाईंनी असंच मनावर घेतलं. निवृत्तीनंतर बाई परभणीला राहायला आलेल्या, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी निवेदिता हैदराबादला, ती बोलावून बोलावून थकली. पण अकराव्या मजल्यावर बसून जावयाच्या वेळा सांभाळत दिवस काढायचे, हे बाईंना जमण्यातलं नव्हतं. आणि कुणी वृद्धाश्रमाचं नाव काढलं तर पायाची आग मस्तकात जायची. मग त्यांनी आपलंच डोकं चालवलं. आठ बिऱ्हाडांनी मिळून जागा घ्यायची. प्रत्येकाचं आपलं लहानसं घर, मधे एक अंगण, एक बैठकीची खोली. राहणाऱ्यांनीच ठरवायचं, राहणाऱ्यांनीच चालवायचं, मालक कुणी नाही आणि मॅनेजर तर नाहीच नाही. नाव ठेवलं 'शेजार'. परभणीहून ताडकळसला जाणाऱ्या रस्त्याला, शहर संपतं तिथं जागा मिळाली. लोक मात्र त्याला 'बाईंचा शेजार'च म्हणू लागले, आणि बाईंना ते ऐकून बरं वाटायचं.

बिऱ्हाडं चांगली जमली. चुडाव्याचे किशनराव आणि त्यांच्या मंडळी सुलाबाई आले, मुलं पुण्याला आणि वावर भावाकडे म्हणून. पोखर्णीचे बापू आले, जन्मभर कीर्तनं केलेले, घरी एकटे. बाकीची घरं मास्तर-कारकुनांची. आणि आठवं घर धुरपताबाईचं.

खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप बाईंनी या आठव्या घरासाठीच मांडला होता. चोवीस वर्षांची विमल पहिल्या नेमणुकीवर ट्रंक घेऊन ताडकळसला उतरली, तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. धुरपताबाईनं नवऱ्याला न विचारता कडब्याची खोली रिकामी केली, शेणानं सारवली आणि म्हणाली, ऱ्हावा हितं. पहिली दोन वर्षं रोज सकाळी शाळेला निघताना बाईंच्या हातात गरम भाकरी पडायची. पुढे बाईंचं लग्न झालं, बिऱ्हाड झालं, पण सणावाराला, दुखण्याखुपण्याला धुरपताबाई हजर. बाईंचे यजमान गेले तेव्हा ही बाई तेरा दिवस त्यांच्या शेजारी बसून होती. एक शब्द बोलली नाही, पण हलली पण नाही. आता तीही विधवा झालेली, मूलबाळ नाही, वावर पुतण्या योगीराजकडे बटईनं दिलेलं. उरलेली वर्षं या बाईच्या भिंतीला भिंत लावून काढायची, एवढं एकच बाईंना हवं होतं.

घरं बांधायची म्हटल्यावर जाणता माणूस लागतो. पहिल्यांदा संभाजीनगरहून एक सल्लागार आणले; नाव घ्यायचं कारण नाही. त्यांनी भिंतीवर पडदा लावून चित्रं फिरवली. हिरवळ काय, कारंजं काय, गोऱ्यागोमट्या म्हाताऱ्या योगासनं काय करतायत. बोलणं निम्मं इंग्रजी. आणि आपली माणसं साहेबापुढे कशी वागतात ते का सांगायला पाहिजे? बरोबर हाय साहेब, तुमी म्हणाल तसं साहेब, असं करत सगळ्यांनी दोन तास माना हलवल्या. ते गेल्यावर बाईंनी विचारलं, किशनराव, तुमचं घर कोणतं हो त्यात? किशनराव जरा विचार करून म्हणाले, ते काय उमगलं न्हाई बा, पर साहेब लय हुशार दिसतो.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी फोन करून त्या साहेबांना नमस्कार कळवला आणि विषय संपवला. बाहेरचा माणूस आपल्या डोक्यावर बसवून घ्यायचा नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितलं. मग त्यांनी मैत्रेयीला गाठलं. मैत्रेयी म्हणजे त्यांचीच विद्यार्थिनी, पाचवी ते सातवी त्यांच्या हाताखाली शिकलेली. आता आर्किटेक्ट होऊन परभणीत वसमत रोडला दोन खोल्यांचं ऑफिस टाकून बसलेली. पोरगी हुशार होती यात वाद नाही, पण बाईंनी तिला निवडली ती वेगळ्याच हिशेबानं. आपली पोरगी आहे, आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही, हा तो हिशेब.

बाईंनी तिला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "हे बघ, ठरवणार आम्ही. तू फक्त आखायचं."

मैत्रेयीनं मान डोलावली, पण वही मिटली नाही. ती म्हणाली, "बाई, पाया किती खोल, लोखंड किती, पाणी कुठून काढायचं, हे मी सांगणार. त्याच्यावर हात वर करून मतं घ्यायची नाहीत. कोण कुठं आणि कसं राहणार, ते तुमचं. त्यात मी तोंड घालणार नाही. पण माझ्या दोन अटी आहेत. कागद पक्के व्हायच्या आधी सगळी घरं जागेवर चुन्याच्या फक्कीनं आखायची आणि सगळ्यांनी एक अख्खा दिवस त्यात राहून बघायचं. आणि दुसरी, या सगळ्या कामात एकदा, फक्त एकदा, मी सांगेन ते तुम्ही ऐकायचं. का म्हणून विचारायचं नाही."

बाईंना हसूच आलं. तीन वर्षं तू माझं ऐकलंस, एकदा मी ऐकीन, असं म्हणून त्यांनी शब्द दिला.

मैत्रेयीनं पहिली बाजू तर चोख सांभाळली. पाया खूप खोल चाललाय म्हणून किशनराव कुरकुरायला लागले, तेव्हा तिनं त्यांना साधं विचारलं, काका, चैताअखेर तुमच्या वावरात भेग पडते त्यात हात कुठवर जातो? किशनरावांनी कोपर दाखवलं. मग असल्या काळ्या रानावर घर उभं करायचं तर मुरूम लागेस्तोवर खाली गेलंच पाहिजे, नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंती तडकतील, असं तिनं समजावलं. जन्मभर ज्या भेगांतून किशनराव चालले त्या भेगा त्यांना आता वेगळ्या दिसायला लागल्या.

माणसांची बाजू बाईंनी हातात घेतली. दर रविवारी बाईंच्या घरी बैठक. बाई खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर. बाई विषय मांडायच्या, फायदे सांगायच्या, तोटे सांगायच्या, मग विचारायच्या, मंजूर? हो बाई, म्हणायचे सगळे. लगेच वहीत 'सर्वानुमते मंजूर' असं बाईंच्या मोत्यासारख्या अक्षरात उतरायचं. दुसऱ्याच बैठकीत स्वयंपाकघराचं ठरलं. बाई त्या दिवशी तळमळून बोलल्या. नोकरी करून दोन वेळचा स्वयंपाक रेटताना त्यांच्या नाकी नऊ आले होते, ते सगळं त्यांनी ओतलं. बायकांनी जन्म चुलीपुढे काढला, आता या वयात तरी सुटका नको का? तेव्हा कुणाच्याच घरात चूल नाही, गॅस नाही, ओटा नाही. सगळ्यांचं मिळून एकच स्वयंपाकघर, कामाला दोन बायका, दोन्ही वेळेला गरम ताट. मंजूर? हो बाई.

मैत्रेयी कोपऱ्यात बसली होती. तिनं हळूच विचारलं, कुणाला काही वेगळं वाटतं का? बाकीच्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. धुरपताबाई सतरंजीचा दोरा उपसत होती. मैत्रेयी तिच्याकडे जरा वेळ बघत राहिली, पण तोंड घालायचं नाही हे तिनंच कबूल केलं होतं. बाईंनी पुढचा विषय घेतला.

आणि संक्रांत चार-आठ दिवसांवर आली असताना धुरपताबाईनं ते सांगितलं. बाईंच्या ओसरीवर बसून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "बाई, माझं नाव काढा तेवढं. योगीराज नको म्हणायलाय."

बाईंनी वर वर काही दाखवलं नाही. असं काय, बघते त्या योगीराजला, एवढंच म्हणाल्या. वावर हातचं जाईल म्हणून पुतण्या म्हातारीला सोडत नाही, असा त्यांनी मनाशी निवाडा करून टाकला आणि बाजाराच्या दिवशी पहिल्या एसटीनं ताडकळस गाठलं. योगीराज कांद्याच्या ढिगापाशी सापडला. बाईंनी तिथंच, चार गिऱ्हाइकांदेखत त्याची हजेरी घेतली. तो बिचारा टोपी काढून उभा राहिला, पण बोलायचं ते बोललाच.

"मी कामून नको म्हणू बाई? उलट मीच म्हणलं, बाईजवळ ऱ्हाशील तर मला घोर न्हाई. काकूलाच इचारा. पर तुमच्यापुढं ती बोलायची न्हाई."

काहीतरीच, एकोणचाळीस वर्षांत तिनं माझ्यापासून काही लपवलेलं नाही, असं त्याला सुनावून बाई तिथून निघाल्या. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. परतीच्या एसटीआधी त्यांनी धुरपताबाईला तिच्या घरी गाठून खोदून विचारलं. तसं काय न्हाई बाई, एवढंच उत्तर मिळालं. मग बाईंनी आपल्या पद्धतीनं ठरवून टाकलं: रविवारी फक्की मारायची आहे, तुम्ही या, आपलं घर डोळ्यांनी बघा, मग नाही म्हणवणारच नाही. धुरपताबाई म्हणाली, हो बाई.

तर पौषातल्या त्या रविवारी सगळे जागेवर जमले. थंडी होती पण ऊन चांगलं पडलेलं. मैत्रेयीनं पहाटेपासून खुंट्या ठोकून, सुतळी ताणून आठही घरं काळ्या रानावर पांढऱ्या फक्कीनं आखून ठेवली होती. दाराच्या जागी दोन-दोन विटा. तिनं नियम सांगितला की दारातूनच आत-बाहेर करायचं, भिंत ओलांडायची नाही. लोकांनी घरून बाजा आणल्या, पाण्याचे माठ आणले, सुलाबाईंनी तर देवघरातला पाटसुद्धा आणला. किशनराव पहिल्या पाच मिनिटांतच सवयीनं सरळ निघाले, तर बापू ओरडले, अहो भिंतीतून काय जाता, भूत हाय का तुमी! मग हशा पिकला. सुलाबाईंच्या ध्यानात आलं की न्हाणीचं दार थेट अंगणात उघडतंय. अंघोळ करून बाहेर पडायचं ते आठ घरांच्या देखत. कागदावर हे कुणाला दिसलं नव्हतं. मैत्रेयीनं तिथल्या तिथं पायानं फक्की पुसून दार मागं फिरवलं.

विमलबाई नुसत्या फिरत होत्या. या घरातून त्या घरात, दारातून आत, दारातून बाहेर. आठव्या घराशी आल्या की त्यांची पावलं रेंगाळायची, कारण त्याची नि त्यांच्या घराची भिंत एकच होती, चार बोटं जाडीची पांढरी रेघ. रात्री खोकला आला तर पलीकडे ऐकू जाईल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना फार बरं वाटलं. पण आत धुरपताबाई नव्हती. तिची बाज रिकामी होती.

तेवढ्यात धुराचा वास आला. सगळ्या घरांच्या मागे, फक्कीच्या शेवटच्या रेघेच्याही पलीकडे, बाभळीच्या आडोशाला धुरपताबाईनं तीन दगड मांडून जाळ केला होता. गाठोड्यातून तवा काढलेला, परात काढलेली, ज्वारीचं पीठ मळून पहिली भाकरी तव्यावर पडलेली. बाई तरातरा गेल्या.

"धुरपताबाई, हे काय मांडलंत? स्वयंपाकघर तिकडं आहे, गॅस आणलाय, पोहे होतायत. इथं तर घराची हद्दसुद्धा संपली."

"हो बाई," धुरपताबाई म्हणाली. तिनं तांब्या उचलला आणि जाळावर पाणी ओतलं. अर्धी कच्ची भाकरी फडक्यात गुंडाळून गाठोड्यात ठेवली आणि खाली मान घालून उठली.

मैत्रेयी सुतळीचा गुंडा हातात धरून हे बघत होती. ती सरळ बाईंसमोर येऊन उभी राहिली. 

"बाई, एकदा ऐकायचं म्हणून तुम्ही शब्द दिला होता. तो आत्ता मागते. तुम्ही रस्त्यावर जाऊन थांबा. मी बोलवेस्तोवर यायचं नाही."

बाईंना आधी कळेचना. मग कळलं आणि कानशिलं तापली. ज्या बाईनं हे सगळं उभं केलं तिलाच हाकलायचं? ते तोंडाशी आलं, पण त्यांनी भोवती बघितलं. किशनराव पायाकडे बघत होते, बापू आभाळाकडे, सुलाबाई पाटाकडे. बाईंना कशाला बाहेर काढता, असं म्हणायला एकजणही पुढे आला नाही. घाव बसला तो तिथं. शब्द दिलेला होता, आणि दिलेला शब्द बाईंनी आजवर मोडला नव्हता. पिशवी खांद्याला लावली आणि त्या दारादारातून, एकही भिंत न ओलांडता, बाहेर निघून गेल्या.

रस्त्याला एक मोरी आहे, तिच्या कठड्यावर बसल्या. पहिली दहा मिनिटं नुसता संताप. मैत्रेयीला काय काय सुनवायचं त्याची मनात उजळणी झाली. ताडकळसची एसटी आली. कंडक्टर जुना विद्यार्थी, त्यानं घंटी मारून गाडी थांबवली आणि विचारलं, बाई, हितं कामून बसल्या, चला की. बाईंनी हातानंच त्याला पुढं घातलं. शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभं केलंय, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं होतं?

मग त्यांची नजर जागेकडे गेली. लांबून बोलणं ऐकू येत नव्हतं, दिसत मात्र सगळं होतं. बैठकीत मुकाट बसणारी ती माणसं आता उभी होती. किशनराव हातवारे करून बापूंशी भांडत होते. सुलाबाई नवऱ्याला अडवून मधेच काही सांगत होत्या. आणि धुरपताबाई बोलत होती. दोन्ही हात हलवत, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, मधे एकदा कंबरेवर हात ठेवून, मग पुन्हा बोट रोखून. लय वेळ बोलत होती. एकोणचाळीस वर्षांत बाईंनी तिला असं बोलताना एकदाही बघितलं नव्हतं.

तुमच्यापुढं ती बोलायची न्हाई. योगीराजचं वाक्य आता आतून चावलं. बाईंनी पिशवीतून वही काढली. तेवीस बैठका. पान उलटलं, सर्वानुमते मंजूर. पुढचं उलटलं, सर्वानुमते मंजूर. तेवीस बैठकांत एकाही माणसाचं नाव नव्हतं, एकही 'नाही' नव्हतं, नुसतं बाईंचं सुंदर अक्षर होतं. संभाजीनगरच्या साहेबाला त्यांनी मोठ्या तोऱ्यात घालवलं होतं, आणि त्याच्या खुर्चीवर स्वतःच जाऊन बसल्या होत्या. माना तशाच हलत होत्या, नुसतं 'साहेब'च्या जागी 'बाई' आलं होतं. शरम वाटली, आणि ती बाईंनी गिळली नाही, वाटू दिली.

पण हात टेकतील त्या विमलबाई कसल्या. डोळे पुसून त्यांनी मनाशी ठरवलं, पत्रे आणले, शाळा उभी केली, तसं आता ऐकायचंही शिकायचं. कितीही जिवावर आलं तरी. धुरपताबाई त्या घरात यायची असेल तर ती धुरपताबाई म्हणूनच यायला हवी, माझी 'हो बाई' म्हणून नाही.

तासाच्या वर वेळ गेला तेव्हा मैत्रेयीनं हाक मारली. बाई दारातून आत आल्या. आखणी पार बदलली होती. पायानं पुसलेल्या रेघांचे पांढरे डाग सगळीकडे. मैत्रेयी म्हणाली, बाई, मी काही सांगणार नाही, तेच सांगतील. मग ती चार पावलं मागे सरकली.

धुरपताबाई पुढे आली. पदर पुन्हा डोक्यावर गेला होता, पण मान खाली नव्हती.

"बाई, मला माझी चूल पायजे."

बाईंच्या तोंडून सवयीनं निघालंच, अहो पण धुरपताबाई, तुमचे गुडघे, तो धूर... धुरपताबाईनं हात वर केला.

"थांबा. मला बोलू द्या. तुमी चुलीला वैतागल्या, खरं हाय. मी न्हाई वैतागले. मालक गेले, वावर दुसऱ्याच्या हातात गेलं. माझं म्हणून काय ऱ्हायलं, ह्ये दोन हात आन भाकरी. सगळ्यांत बसून रातचं जेवीन मी, न्हाई म्हणत न्हाई. पर योगीराज दारात आला तर त्याला म्या काय घालू? दुसऱ्याच्या ताटातलं? जिथं माझी चूल न्हाई तिथं मी पाव्हणी. पाव्हणी म्हणून मरायचं न्हाई मला." तिनं दम घेतला. "आन तुमी नको म्हणलात तरी पायजे."

बाईंनी हळू आवाजात विचारलं, "मग आधी का नाही सांगितलंत मला?"

"तुमी इचारलं कवा? तुमी सांगितलं."

बाई बाजेच्या कडेला बसल्या. मग त्यांनी मैत्रेयीकडे बघितलं आणि विचारलं, चूल घरात घ्यायची तर काय काय होईल. मैत्रेयी बोलली ती नेमकं बोलली. चूल बाहेरच्या भिंतीच्या अंगाला घ्यावी लागेल, धुराडं वर काढावं लागेल, आतली जागा तीन हातांनी कमी होईल, सामाईक स्वयंपाकघर मग एवढं मोठं लागणार नाही. एवढं होईल, ती म्हणाली, आणि करायचं की नाही ते तुमचं. संभाजीनगरच्या साहेबानं दोन तासांत जे सांगितलं नव्हतं ते या पोरीनं पाच वाक्यांत सांगितलं.

एकदा वाट फुटल्यावर मग बाकीचेही बोलले. बापूंना बैठकीच्या खोलीला लागून झोपायचं नव्हतं. जन्मभर भजनातच झोपलो, आता जरा निवांत झोपू द्या, म्हणाले. किशनरावांना एक गाय ठेवायची होती. गाय म्हटल्यावर बाईंनी डोळे मिटले, जीभ दातांत धरली, आणि बोला, म्हणाल्या.

"मला मात्र माझ्या घरात चूल नको," बाई शेवटी धुरपताबाईला म्हणाल्या. "सांगून ठेवते."

"नका घेऊ की."

"मग सकाळची गरम भाकरी कुठं मिळायची मला?"

"माझ्याकडं या," धुरपताबाई म्हणाली. "पर दार वाजवून या."

सुलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग सगळेच हसले. बाईही हसल्या, पण डोळे भरलेलेच होते. विझवलेल्या चुलीच्या दगडांकडे बोट करून त्यांनी विचारलं, नव्या आखणीत ही जागा घराच्या आत येते का बाहेर? मैत्रेयीनं फक्कीचं घमेलं धुरपताबाईच्या हातात दिलं. धुरपताबाईनं मूठ भरली आणि वाकून, गुडघा कुरकुरत असतानाही, तीन दगडांच्या पलीकडून आपल्या हातानं रेघ ओढली. रेघ वाकडी आली. मैत्रेयीनं ती तशीच ठेवली, सुतळी लावून उद्या सरळ करू म्हणाली.

मग बैठकीचं लिहायचं राहिलं होतं. बाईंनी वही उघडली, तारीख घातली, आणि पेन नेहमीच्या शब्दापाशी येऊन अडलं. चौतीस वर्षं त्यांनी पोरांना श्रुतलेखन घातलं होतं; बाई सांगणार, वर्ग लिहिणार. त्यांनी वही मांडीवर सारखी केली आणि म्हणाल्या, "धुरपताबाई, तुम्ही सांगा. मी लिहिते."

धुरपताबाईला सहीपुरतंच लिहिता यायचं. ती आधी लाजली, मग बाईंच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली, आणि एकेक शब्द सावकाश सांगत गेली. चूल, भाकरी, पाव्हणी, सगळं. बाई लिहीत गेल्या. मधे एकदा त्यांनी वाक्य जरा सुधारायला बघितलं, तर धुरपताबाई म्हणाली, मी म्हणलं तसंच लिवा. बाईंनी तसंच लिहिलं.

"झालं लिवून?"

"झालं."

"मग वाचून दाखवा."

बाई बाजेवरून उठल्या, आणि आठ घरांच्या मधोमध उभं राहून त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.